गुलाबी बाटली

"काय गं, माझ्या पेशी आज तरी कामाला लागल्या का?" दादाचा रोज सकाळी फोनवर हाच प्रश्न. सहा महिन्यांपूर्वी त्याने माझ्या प्रयोगासाठी दंडाच्या कातडीचा इवलासा तुकडा दिला, तेव्हा तो काठी घेऊन चालत होता. आता चाकांच्या खुर्चीत आहे.

आजारामुळे त्याच्या पेशींत लोह साचतं. ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया त्याने बिघडतात आणि अडगळीसारखी तिथेच पडून राहतात. जास्तीचं लोह उचलणारं औषध दिलं, की पेशीने ती मोडीत काढून कामाचे भाग पुन्हा वापरावेत, एवढीच माझी आशा. मोडीत निघालेली मायटोकॉन्ड्रिया खुणेच्या रंगामुळे सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपक्यांसारखी दिसतात. अकरा प्रयोग झाले, ठिपका एक नाही. उद्या दुपारी प्रयोगशाळेचे सर पेशी वाढवायच्या उबदार कपाटातला आमचा कप्पा दुसऱ्यांना देणार होते.

काचसामान धुणाऱ्या मावशी माझ्या टेबलापाशी थबकल्या. "ताई, तुमची पूड तर पांढरी. मग बाटलीत गुलाबी कशी होते?"

"पहिल्यापासून तशीच होते!" मी खेकसले, आणि लगेच जीभ चावली. या औषधाला लोह मिळालं की ते लालसर होतं, हे नव्या मुलांना मीच शिकवते! माझ्या हातात ढवळायची गंजकी पट्टी होती. नियम प्लॅस्टिकच्या चमच्याचा. पण तो शोधायला मला कुठला दम? औषध पेशींपर्यंत पोचायच्या आधी गंजावरच पोट भरून घेत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

मी मावशींना मिठीच मारली. प्लॅस्टिकचा चमचा काढला, मावशींनी आम्लाने तीनदा बाटली धुतली. या वेळी औषध पाण्यासारखं नितळ! दादाच्या पेशींच्या शेवटच्या दोन बशा उरल्या होत्या, त्यातल्या एकीत ते घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर कप्प्यापाशी येऊन उभे राहिले. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाल! एक, चार, नऊ... मोजताच येईनात. औषध न घातलेल्या बशीत काहीच नव्हतं.

"सर, बघा! अहो, बघा ना!"

सर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "कप्पा राहू दे तुझ्याकडेच."

मी दादाला फोन लावला. "आवरायला लागल्या रे! अडगळ काढतायत!"

"आपल्या घराण्यात आवरणारं पहिलंच कुणीतरी निघालं," तो हसला. मग त्याने विचारलं, "माझ्यापर्यंत यायला किती दिवस लागतील?"

त्याच्याशी खोटं बोलवेना. "वर्षं लागतील, दादा. बशीबाहेर कदाचित जमणारही नाही."

"लागू देत," तो म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय?"