दारात उभा कर्नेल

महाप्याच्या एका छोट्या कंपनीत अमरीन मुकादम कर्नेलवर काम करायची. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोग्रॅमने फाईल मागितली की ‘तयार झाली की कळवतो’ म्हणून कर्नेलने पुढच्या कामाला लागायचं, असा करार. पण त्यांचा कर्नेल मधेच थिजायचा आणि मागे सगळं तुंबायचं. तीन आठवडे अमरीनने फाईल वाचणारा कोड उलटापालटा केला. दोष सापडेना.

सोमवारी तिचे मॅनेजर सुभाष सर म्हणाले, “असं नाय समजत मला. करून दाखवा.”

आणि ते स्वतःच कर्नेल झाले. रेकॉर्डरूमच्या दारात उभे राहिले. आतली कपाटं म्हणजे डिस्क. तिथे फायली काढून द्यायला टीममधला नदीम बसला. बाकीच्यांनी रांगेत येऊन फायली मागायच्या.

रांगेत पहिल्या असलेल्या श्रुतीने जुनं भाडेपत्र मागितलं. सर नुसतेच उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रांग लिफ्टपर्यंत गेली. पाण्याचे जार घेऊन आलेला माणूसही काहीतरी वाटप चाललंय समजून उभा राहिला.

“सर, फाईलसाठी थांबायचं नाही,” अमरीन म्हणाली.

“फाईलसाठी कोण थांबलंय? ती कुठल्या कपाटात आहे ते रजिस्टर नको? त्याशिवाय नदीमला सांगू काय?”

“मग रजिस्टर कुठंय?”

“रेकॉर्डवाल्या चारुलताबाईंकडे. त्या दिवाळे गावच्या मासळीबाजारात बोंबील आणायला गेल्यात.”

अमरीन धावतच जागेवर गेली. फाईलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत ती यादीसुद्धा डिस्कवरूनच वाचावी लागते, आणि कर्नेल तिथे गुपचूप थांबत होता! तिकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने सहा ओळी लिहिल्या: यादी मेमरीत नसेल तर थांबू नकोस, काम मागे राबणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे दे आणि परत फिर. टेस्ट लावली. कर्नेल एकदाही थिजला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन तासांनी ती परतली, तर सर तसेच उभे.

“सर, सापडलं! रजिस्टर नसेल तर ‘नंतर या’ म्हणायचं.”

“हे आधी नाही का सांगायचं?” सर दुखावले. मग रांगेकडे वळून म्हणाले, “नंतर या.”

कोणी हललं नाही.

“आता नंबर लागलाय,” जारवाला म्हणाला. “आमी कुठं जानार?”

शेवटी तीन वाजता चारुलताबाई आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांना फायली दिल्या. जारवाल्याला अग्निशमनाची मिळाली; तो ती काखेत मारून समाधानाने गेला.

अमरीनने दुरुस्ती कर्नेलच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवली. तपासणाऱ्या परदेशी इंजिनिअरने विचारलं, “दोष शोधला कसा?” तिने घडलं ते सगळं खरंखरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती मंजूर झाली. खाली त्याने एवढंच विचारलं होतं: बोंबील म्हणजे काय?