उष्टे गंज

"खुर्च्या घेतल्या, ठीक हाये. मांडव घेतला, भोंगा घेतला, तेही ठीक. पन हे गंज कायले घेतले तुनं?"

यादोराव सकाळपासून हेच विचारत होता. त्याचा पोरगा रत्नपाल अंगणात गंज उपडे घालून राखेनं घासत बसला होता. घरी आणल्यापासून त्यांत दाणा शिजला नव्हता, पण पडून पडून धूळ बसली होती. पोतंभर तांदूळ एका वेळी शिजेल असले ते मोठाले गंज, आणि प्रत्येकाच्या गळ्याशी छिन्नीनं ठोकून घातलेलं नाव : रत्नपाल यादोराव, बिछायत केंद्र.

ही २००५ सालची गोष्ट. दवनीवाड्याच्या अलीकडं, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेलं हे गाव. रत्नपाल बारावी झाला आणि गोंदियाला एका शेठच्या बिछायत केंद्रात राबायला लागला. लोकांच्या लग्नांत गाद्या-खुर्च्या वाहता वाहता त्याच्या ध्यानात आलं, की शेठ व्हायला शेठच्याच पोटी यावं लागत नाही. शेठनं जुना माल काढला तेव्हा यानं तो उचलला. रुक्माबाईनं, त्याच्या मायनं, त्यासाठी शेळ्या विकल्या.

गावानं खुर्च्या घेतल्या. बौद्ध मोहल्ल्यातल्या पोराच्या खुर्चीवर बसायला कुणाचीच ना नव्हती. विटाळ बुडाला लागत नाही, तो घशालाच लागतो, असा या गावाचा जुना शोध आहे. पण खुर्च्यांवर फक्त चहापाणी सुटतं, बिछायतवाल्याचं घर चालतं ते गंजांवर. गंजाचं नाव काढलं की जो तो म्हणायचा, भांडी आम्ही गोंदियाहून आणतो. गोंदियाच्या शेठची जात त्यांनी कधी विचारली नव्हती.

"नाव घासून टाक," यादोराव म्हणाला. "केशोरावच्या पुतन्याच्या, घनश्यामच्या नावानं दे. तो तयार हाये. गंज तुहे, नाव त्याचं. काय बिघडते?"

"मंग धंदा कोनाचा झाला बाबा?"

यादोरावनं जन्मभर केशोरावच्या बांधीत धानाचा रोवणा केला होता, आणि नाव कुणाचं हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

वैशाखात केशोरावच्या पोरीचं, चंदाचं लग्न निघालं. केशोराव म्हणजे गावातला मोठा कास्तकार. गावचा तलाव आमच्या पणज्यानं बांधला, हे तो बोलता बोलता एकदा तरी सांगणारच. त्यानं मांडव, खुर्च्या, भोंगा रत्नपालकडून मागवला आणि गंज गोंदियाहून. पण लग्नाची दाट तिथी. ऐन वेळी गोंदियावाल्यानं गंज दुसऱ्याच लग्नाला पाठवले. मग भर दुपारी, उन्हानं गल्ली ओस पडली असताना, घनश्याम मागच्या बोळीतून रत्नपालच्या अंगणात आला.

"गंज पाहिजेत," तो म्हणाला. "पन नाव तेवढं घासून दे."

"ठोकलेलं नाव निघत नाही. आन् निघत असतं तरी काढलं नसतं. न्यायचे असतीन त नावासकट न्या, आन् धुऊन वापस आना. सगळ्याइले हाच नियम हाये."

घनश्यामनं जरा विचार केला आणि हो म्हणाला. तो इतक्या लवकर हो कसा म्हणाला, याचं नवल रत्नपालला वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदाच गंज निघाले होते, पोरगा हरखून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मांडवाचे खांब बघत तो चुलींकडं गेला. चुलीवर चढवायच्या भांड्याला बाहेरून मातीचा लेप देतात, म्हणजे काजळी सहज निघते. लेप द्यायचा तो बुडाला, फार तर पोटापर्यंत. इथं प्रत्येक गंज गळ्यापर्यंत चिखलानं थापलेला होता. नावाचं एक अक्षर उघडं नव्हतं.

"मले वरपर्यंत लावाले सांगतलं, मी लावलो," बिसराम आचारी म्हणाला, आणि झारा घेऊन दुसरीकडं वळला.

रत्नपालला शिसारी आली. गंज नाकारले असते तर त्याला राग आला असता. रागाचं एक बरं असतं, माणूस भांडून मोकळा होतो. पण यांना त्याचा गंज हवा होता, त्यातला भात हवा होता, फक्त तो नको होता. तसाच तो भोंग्यापाशी येऊन बसला.

लग्न लागलं. पंगती उठल्या, नव्या बसल्या. पत्रावळींवर भात, वरण, वांग्याची भाजी. गावातला जाणता खेमराज हात चाटत म्हणाला, वरण झकास झालं, गंज कुठून आणले? केशोराव सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "खास गोंदियाहून मंगवले."

बिछायतवाल्याचा एक रिवाज असतो. लग्नात भोंगा त्याच्याच हाती असतो, आणि आहेराची नावं सांगता सांगता तो आपली जाहिरातही करून घेतो. त्यात गैर काही नाही, शेठही करायचा. रत्नपालनं माइक घेतला आणि अगदी आदबीनं सांगितलं, "मंडळींनी सावकाश जेवावं. या लग्नातला मांडव, खुर्च्या आणि आपण जेवता आहात त्या स्वैपाकाचे सगळे गंज, रत्नपाल यादोराव बिछायत केंद्र, आपल्याच गावातलं."

हात थांबले. कुणाचा घास तोंडात होता, तो तिथंच राहिला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. केशोरावचं तोंड काळवंडलं. आता पंगत उठते की काय, असं वाटलं. तेवढ्यात बिसराम गरम बुंदीची परात घेऊन रांगेत शिरला, आणि लोकांनी पत्रावळी पुढं केल्या. बुंदीपुढं विटाळ टिकला नाही. खेमराजनं तर दोनदा घेतली.

वरात गेली, पाहुणे पांगले, आणि मग खरी गंमत झाली. उरलेला भात, वरण, वांग्यांचा लगदा बुडाशी घेऊन सगळे गंज केशोरावच्या आवारात तसेच पडून राहिले. ते घासायचे कुणी? केशोरावची बायको शकुंतलाबाई म्हणाली, ठाऊक नव्हतं तोवर चाललं, आता मी हात लावणार नाही. सुनांनी सासूची री ओढली. पोट भरेस्तोवर ज्यातलं खाल्लं, त्याच्याकडं कुणी फिरकेना. खाताना न लागलेला विटाळ घासताना लागला.

वैशाखाचं ऊन. भात आंबला, वरणावर बुरशी धरली, वांग्यांना अळ्या पडल्या. माश्यांचं मोहोळ उठायचं. कुत्री तोंड घालून जायची. ओसरीवर बसून जेवणं मुश्कील झालं. आणि चंदाच्या सासरची मंडळी लग्नानंतरच्या मांडव परतणीला यायची होती.

तेव्हा घनश्याम पुन्हा आला. या वेळी गंज न्या म्हणाला, आणि रुक्माबाईकडं बघून म्हणाला, "काकू, तुमी या जी घासाले. दर लग्नात तुमीच येता."

ते खरं होतं. त्या घरच्या प्रत्येक लग्नात रुक्माबाईनं गोठ्याजवळ बसून भांडी घासली होती. तिनं घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडून मग ती आत न्यायचे. यादोराव लगेच म्हणाला, "जा वो, घासून दे. गंज आपलेच हायेत. सडून जातीन. मोठ्या घराशी वाकडं घेऊन धंदा होते का?"

"माय येनार नाही," रत्नपाल म्हणाला. "धुऊन वापस, असं ठरलं होतं."

"तू चूप बस. तुह्या भोंग्यानंच हे झालं."

बापलेकाची चांगलीच जुंपली. यादोराव म्हणत होता, उद्यापासून गावात कुणी खुर्चीसुद्धा नेणार नाही. त्यात खोटं काही नव्हतं, आणि रत्नपाललाही ते कळत होतं. रुक्माबाई उंबऱ्यात बसून सारं ऐकत होती. शेळ्या तिच्या गेल्या होत्या, गंजांवर यादोरावपेक्षा तिचाच हक्क जास्त होता. ती घनश्यामला म्हणाली,

"गंज माह्या पोराचे हायेत बापू. पन त्यातलं उष्टं तुमचं हाये. मी आतापर्यंत लय उष्टं काढलं. आता वास येते मले त्याचा."

घनश्याम निघून गेला.

मांडव परतणीच्या सकाळी केशोरावच्या आवारातून ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत गंज, आणि घनश्याम नाकाला फडकं बांधून त्यांच्यात उभा. पाहुण्यांआधी घाण काढायची तर दुसरा इलाज नव्हता. तलावाच्या पाळीवर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, पणज्यानं बांधलेल्या त्या तलावात त्यानं एकेक गंज रिकामा केला. दोनदा बाजूला जाऊन ओकला. बाया धुणं थांबवून बघत राहिल्या. चिखल सुटत गेला तशी खालची अक्षरं वर आली, आणि खाचांत बसलेली माती निघावी म्हणून त्याला ती अक्षरं बोटानं कोरून काढावी लागली. खेमराज पाळीवरून चालला होता, तो मान खाली घालून गेला.

ट्रॅक्टर मधल्या रस्त्यानं बौद्ध मोहल्ल्यात आला. रत्नपालनं गंज अंगणात उतरवून घेतले. पुढं गिऱ्हाईक येईल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. बहुतेक येणार नाही, असंच वाटत होतं. घनश्यामच्या अंगाचा आंबूस दर्प येत होता आणि त्याला इथून लवकर निघायचं होतं. पण रत्नपाल गोंदियाच्या शेठकडं शिकला होता. तो प्रत्येक गंज उन्हाकडं तिरपा करून आत बघत होता, नाक घालून हुंगत होता. शेवटच्या गंजापाशी तो थांबला.

"याच्या बुडाले भात चिकटला हाये," तो म्हणाला. "असा घेत नाही मी."

घनश्यामनं यादोरावकडं पाहिलं. यादोरावनं इतक्या वर्षांत त्या घरच्या माणसाला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. आता खाली वाकून त्यानंही गंजात डोकावलं.

"हाये खरं," तो म्हणाला. "चिकटला हाये."

रुक्माबाई आत गेली आणि मूठभर राख आणून तिनं घनश्यामच्या हातावर ठेवली. तो गंजापुढं उकिडवा बसला आणि घासायला लागला.