हायड्रेंजियाची हिवाळी गोधडी

मित्रांनो, मी एक जुने पोते आहे. तागाचे, दोन ठिकाणी उसवलेले, अंगाला बटाट्याचा वास अजून थोडा धरून असलेले. पोत्याचे आयुष्य ते काय, असे तुम्ही म्हणाल. भरायचे, ओतायचे आणि फाटले की दारात पाय पुसायला टाकायचे. माझेही तसेच व्हायचे होते, पण माझ्या नशिबात एक झाड आले.

पोलंडच्या पूर्वेला, आमच्या खेड्यात झेनॉन नावाचा सुतार राहत असे. त्याची बायको लुडविना हिने एकदा पाद्रीबाबांच्या अंगणात निळ्या फुलांच्या गुच्छांचे झुडूप, हायड्रेंजिया, पाहिले आणि घरी येऊन सहज बोलून गेली. आठवड्याच्या आत झेनॉनने तिचे रोप आणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावले.

"अहो, आपल्याकडच्या थंडीत हे मरायचं," लुडविना म्हणाली.

"आपण मेलो का? पांघरूण घालू," असे म्हणून त्याने माझ्यातले बटाटे ओतले आणि माझा तळ उसवला.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी कामावर रुजू होई. झेनॉन फांद्या सैल दोरीने एकत्र बांधी, मला वरून चढवी आणि आत ओकची कोरडी पाने भरी. वाळलेली फुले मात्र तो कधीच कापत नसे. "टोप्या आहेत त्या. खाली पुढच्या जुलैची फुलं झोपलीत," असे म्हणे. एवढ्याशा कामाचा मला फार अभिमान वाटे.

एका मार्चमध्ये झेनॉन गेला. आजारपणात त्याने बायकोकडे एकच मागणे केले होते, जुलैतले पहिले निळे फूल. पुढे दरवर्षी लुडविना ते त्याच्या थडग्यावर नेऊन ठेवू लागली. मला झाडावर चढवायचे कामही तीच करू लागली.

मग ती पायऱ्यांवरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तिची सून दोरोता शहरातून मदतीला आली. बाई मोठी कामसू. तिला स्वस्थ बसणे ठाऊक नाही. सर्व संतांचा दिवस तोंडावर आला होता. त्या दिवशी सगळे नातेवाईक थडग्यांवर दिवे लावून घरी जेवायला येतात, आणि अंगण अस्ताव्यस्त दिसले तर घरच्या बाईची लाज जाते. दोरोताने कात्री घेतली आणि सगळी वाळकी झुडपे जमिनीलगत कापून काढली. मला खुंटीवरून ओढून तिने उंबऱ्याशी टाकले होते. तिचे चिखलाचे बूट मी पुसत होते आणि पाहत होते. पोत्याला ओरडता येत नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

"दोरोता, खिडकीखालचं झाड कुठं गेलं?" लुडविनाने आतून विचारले.

"पार वाळून गेलं होतं, आई. कापलं. कसं लख्ख दिसतंय बघा आता."

"त्या काड्यांत तुझ्या सासऱ्याचं फूल होतं, पोरी."

दोरोताचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक? आमच्या घरी एक निवडुंग होता, तोसुद्धा मी मारला." ती बाहेर येऊन गुडघ्यांवर बसली आणि खुंट चाचपू लागली. भिंतीला टेकून, पन्हळीच्या नळामागे, एक काडी कात्रीतून सुटली होती. तिच्या टोकाला हिरवा कोंब होता.

"आई, एक राहिलीय."

"मग बघत काय बसलीस? पोतं आण."

"कुठलं पोतं?"

"ज्याला तू बूट पुसतेस ते."

मला दोन पाण्यांतून धुतले आणि चुलीशेजारी वाळवले. पाहुणे येऊन गेले, गारठा वाढला, तेव्हा खिडकीतून हुकूम सुटू लागले.

"आवळू नकोस. गळा दाबायचाय का त्याचा?"

"मग तुम्हीच या ना बाहेर."

"येता आलं असतं, तर तुझी मनधरणी केली असती होय?"

दोघी हसल्या. त्या हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत चढला. एका काडीसाठी मी जीव मुठीत धरून उभे होते.

एप्रिलात ऊन पडले तशी दोरोता मला काढायला धावली. "थंड सोफिया येऊन जाऊ दे," लुडविना म्हणाली. संत सोफियाचा दिवस मेच्या मध्याला येतो आणि जाता जाता शेवटचा गारठा देतो. मेमधल्या त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचे काकडीचे वेल गारठ्याने काळे पडले. माझ्या आतली काडी हिरवीच होती. माझा जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्यात मुळातून पुष्कळ कोंब आले, पण फूल आले ते त्या एका काडीला. दोरोताने कात्री आणून सासूच्या हातात दिली. लुडविनाने ती परत केली.

"तूच काप."

"मी? माझ्या हातात कात्री देताय?"

"कुठं थांबायचं ते आता तुला कळतं."

दोरोताने फूल तेवढे कापले आणि खालची पाने राखली. मग काठी टेकत एक आणि फूल सांभाळत दुसरी, अशा दोघी झेनॉनकडे गेल्या.

यंदा दोरोताने मला निळ्या दोऱ्याने ठिगळ लावले आहे. मित्रांनो, वाळके दिसले म्हणून संपले असे समजू नका. कात्री उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि दारातल्या पोत्याला बूट जरा हळू पुसा. नोव्हेंबरात त्याला कुणाला तरी पांघरायचे असेल.