खारावरून परत आलेली चाळण

मी बोलतेय ती पनवेलच्या एका इमारतीतल्या ओट्यावरून. चाळण म्हणतात मला. कड पितळेची, जाळी तारेची, आणि एका बाजूला जाळी सुटली होती ती मालूनं मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलीय. हो, शिवलीय. चाळण शिवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हा दोघींना जे काय येतं ते करून करून आलेलं. थकलेय मी, तेव्हा सगळं एकदाच सांगणार.

मालू लग्न होऊन खाडीकाठच्या जासईला आली, तेव्हा तिच्या आईनं भांड्यांबरोबर मला दिलं. नवरा जगन, मिठागरवाला. अक्षय तृतीयेला त्या घरात आम्रखंड व्हायचं. आंबे रायवळ, रेषाळ, नुसता दोर. तो दोर माझ्या वर राहायचा आणि रस खाली उतरायचा. मग चक्का यायचा. मालू तो तळहातानं असा घासायची की माझी तार न् तार कळवळायची. पण खाली पडायचं ते लोण्यासारखं.

एका वर्षी जगनला कुणा गिऱ्हाइकासाठी बारीक मीठ हवं होतं. घरात दिसली मी, घेऊन गेला खारावर, म्हणजे मिठागरावर. आंब्याची चाळण मिठाला. मिठाचे टोकदार खडे त्यानं माझ्यावर असे रगडले की कडेची जाळी सुटली. घरी आणून न धुता खुंटीला अडकवली आणि जेवायला बसला. मालूनं मला शिवलं खरं, पण सणाची घाई, हात भरलेले. शिवणीत अडकलेलं मीठ तिला दिसलं नाही. त्यातूनच चक्का उतरला.

आम्रखंडात मीठ गेलंय हे कळल्यावर ती जगनला जे बोलली ते मी सांगत नाही. पण सासू वाटी चाटून म्हणाली, यंदा साखर कमी नि गोडी जास्त, काय केलंस? पुढच्या वर्षापासून मालू आपणहून चिमूटभर मीठ टाकायला लागली.

मग मिठागर गेलं. भराव पडला, त्यावर आता कंटेनर रचलेत. पैसे आले, पनवेलला फ्लॅट आला, मिक्सर आला. पैसा आला की माणसं आधी साखर वाढवतात, हे मी पाहिलंय. चक्क्याच्या वजनाइतकी साखर पडायला लागली. मिठाची चिमूट कधी सुटली, मालूलाही कळलं नाही. मी माळ्यावर गेले. वर्षानुवर्षं तिथंच पडून होते, कुणी विचारलं नाही.

मला खाली काढलं ते जगनच्या पायामुळं. नव्या चपलेनं अंगठ्याला जखम झाली. त्याला साखरेचा आजार, जखम भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: साखर उतरली पाहिजे आणि अंगात प्रोटीन गेलं पाहिजे, नाहीतर आधी अंगठा आणि मग पाऊल. पण औषधांनी त्याच्या तोंडाची चव गेलेली. खाडीकाठी जन्मलेला माणूस, माशाच्या कालवणाचा वास आला की तोंड फिरवायचा. अंडं पुढं केलं की ताट सरकवायचा. आम्रखंड मात्र मागायचा. लहान मुलासारखा मागायचा.

सून दीपिका कामाला लागली. साय काढलेल्या दुधाचं दही लावलं, बाल्कनीतल्या खिळ्याला दिवसभर टांगलं, साखर टाकली नाही. नवऱ्याच्या, म्हणजे दीपेशच्या, जिमच्या डब्यातली प्रोटीनची पावडर त्यात घातली. मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो म्हणून मला शोधून काढलं. त्या पावडरीच्या गुठळ्यांनी माझा जीव नकोसा केला. मे महिन्याच्या उकाड्यात दही आंबून गेलेलं. जगननं बोट लावलं आणि वाटी खाली ठेवली. ‘चुना कुनी कालवला यात?’

पण दुसऱ्या दिवशी त्यानं वाटी संपवली. तिसऱ्या दिवशीही. दीपिका खूश. मी मात्र पाहत होते. ती खोलीत गेली की मालू यायची, वाटीत साखर ढवळायची आणि चमचा धुऊन ठेवायची. बाई थकली होती. रात्रंदिवस दुखणं उशाशी. तिला त्याचं जेवलेलं तोंड बघायचं होतं, बस्स.

तपासणीत साखर चढलेली निघाली. अंगठा काळा पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघू, मग कापावं लागेल. दीपेश घरी येऊन बायकोवर घसरला. मोबाईलवर बघून बाबांवर प्रयोग करतेस, म्हणाला. दीपिका मला नळाखाली धरून घासत राहिली. घासून झालं तरी घासत राहिली.

मालू तिच्या मागं येऊन उभी राहिली.

‘साखर मी टाकत व्हते. तुझी काय चूक नाय. दीपेशला मी सांगते.’

दीपिकानं नळ बंद केला. मग मला मालूच्या हातात दिलं.

‘मग आता तुम्हीच करा, आई. साखर न टाकता. मला नाही जमत.’

दुसऱ्या दिवशी मालूनं दही पाणी निथळताच उतरवलं. आंबू दिलं नाही. आंबट नाही तर साखर मागतंय कोण. पावडरीचा डबा दीपेशला परत दिला. दोन चमचे रायवळाचा रस मंद आचेवर आटवला. मग चक्का माझ्यावर घेतला आणि घासायला लागली. पूर्वीचा जोर राहिला नाही, मलाही आणि तिलाही. घासता घासता तिचा अंगठा शिवणीवर आला आणि थांबला. दोऱ्यावरून तिनं तो मागं-पुढं फिरवला. मग हात पुसला आणि मिठाचा डबा उघडला.

जगननं पहिला चमचा तोंडात तसाच धरून ठेवला. डोळे मिटले.

‘खारावर कदी गेलतीस?’

‘खार कुठं ऱ्हायलाय आता. गप खा.’

त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली. मग रोज खायला लागला. तोंडाला चव आली तशी हळूहळू मासळीही.

अंगठा वाचला नाही. खोटं कशाला सांगू, उशीर झाला होता. पण पाऊल राहिलं. जखम भरली, आता तो काठी घेऊन बाल्कनीपर्यंत जातो आणि दह्याचं फडकं टांगलंय का ते बघतो.

दीपिकानं नवी चाळण आणलीय, चकचकीत. ठेवलीय माझ्या शेजारी. माझी जाळी झिजली, दोरा विरत आला. मला भंगारात घालाल तेव्हा घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण आज सकाळी दीपिकानं मीठ घेतलं, तेव्हा मालूनं तिचा हात धरून अर्धं डब्यात परत पाडलं. ‘येवढंच,’ म्हणाली, ‘जास्त नाय.’ दीपिकाची चिमूट अजून अंदाजाला येत नाही.

तिला ती चिमूट साधेपर्यंत मला जरा हलक्या हातानं घासा. शिवण तेवढी टिकायला हवी.