पुसल्या गेलेल्या सोळा विहिरी

मित्रांनो, सांगण्यासारखं आयुष्य आपल्याकडे आहे का, ही शंका मला नेहमीच येते. मी राहाता तालुक्यातल्या एका हायस्कुलातला जुना संगणक आहे. चालू व्हायलाच मला बराच वेळ लागतो, मग बोलायचं तर सोडाच. तरी परवाच्या शुक्रवारची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आम्ही पाचजण एका टेम्पोतून शाळेत आलो. हार घातले गेले, नारळ फुटला आणि खोलीला कुलूप लागलं. मुलांचा हात लागून यंत्र बिघडेल, ही भीती. आमच्यावर लाल मखमली झाकणं असत. खंडेनवमीला ती निघत, हळदकुंकू वाहिलं जाई, आणि त्यातलं थोडं कळफलकाच्या फटींत जाऊन बसे. संगणकाचा तास मात्र वर्गात, फळ्यावर होई. मुलं वहीत माउसचं चित्र काढून रंगवत. अशी वर्षं गेली आणि मुलांचा हात न लागताच आमच्यातले तिघे बंद पडले. सगळे आम्हाला जपतच होते. दोष कोणाला द्यावा, हे मला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ग्रेस मॅडम आल्या. त्या मुख्याध्यापक आदिनाथ सरांकडून रोज किल्ली मागून घेऊ लागल्या. एका संगणकापुढे चार मुलं बसवली. एकाने वाचायचं, एकाने टाईप करायचं, एकाने तपासायचं, आणि चौथ्याने फक्त 'असं का?' विचारायचं. दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. नववीची मुलं दर शनिवारी गाठी मारलेला दोर घेऊन गावातल्या सोळा विहिरींवर जात आणि पाणी किती फूट खाली गेलं ते मोजत. चौदा आठवड्यांचे आकडे माझ्यात जमा झाले. त्यांचा आलेख झाला. कोणती विहीर कधी तळ गाठेल, ते मुलांना दिसू लागलं.

मग तपासणीची तारीख आली. आदिनाथ सर म्हणाले, "मॅडम, साहेबांना मुलांचं काम दिसलं, तर खोली उघडी राहील. नाही दिसलं, तर पहिल्यासारखं कुलूप. संस्थेला उत्तर मला द्यावं लागतं."

तपासणी म्हटली की शाळा झाडून-पुसून निघते. कुंड्यांना गेरू, भिंतींना चुना. शुक्रवारी सकाळी शाळेचे लिपिक रंगनाथ भाऊसाहेब फडकं घेऊन माझ्याकडे आले. सज्जन माणूस. त्यांनी मला पुसलं, मग चालू केलं. पडद्यावर मुलांच्या कामाच्या फायली दाटीवाटीने होत्या.

"काय पसारा केलाय पोरांनी," ते पुटपुटले, आणि एकेक फाईल कचरापेटीत टाकू लागले. मग कचरापेटी भरलेली दिसते, म्हणून तीही रिकामी करायला घेतली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. एक चौकट आणि दोन बटणं, एवढीच माझी वाचा. मी विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं, नक्की? त्यांनी न वाचताच 'हो' दाबलं. एरवी मी प्रत्येक कामात रेंगाळतो. तेव्हा मात्र झटकन सगळं पुसलं. तेवढा एकदा अडलो असतो तर? हा विचार अजून जात नाही.

साडेदहाला मुलं आली. ज्ञानेश्वरी माझ्यापुढे बसली.

"मॅडम, हितं काईच न्हाई."

"नीट बघ."

"बघितलं. एक बी विहीर न्हाई."

ग्रेस मॅडम दाराकडे वळल्या. "भाऊसाहेब, तुम्ही इथं काही केलंत का?"

"झाडलोट केली फक्त."

"कचरापेटी?"

"ती बी रिकामी केली. ते कायतरी इचारत हुतं, मी हो म्हणलं." मग मुलांची तोंडं पाहून त्यांचा आवाज उतरला. "का? लागत हुतं व्हय त्यातलं काय?"

व्हायरसच्या भीतीने शाळेत पेनड्राइव्हला बंदी होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

"वही हाय की," हन्ना म्हणाली. विहिरीच्या काठावर आकडे लिहून घ्यायची ती वही. पानं भिजून वाळलेली.

"दोनशे चोवीस आकडे हायेत," योहान म्हणाला. "साहेब काय जेवून जाणार हाय का?"

"तू तपासायला बस, गप. हन्ना, वाच," ज्ञानेश्वरी म्हणाली.

हन्ना वाचू लागली, ज्ञानेश्वरीची बोटं चालू लागली. पाहुणे वर्गात आले की मुलांनी उठून नमस्कार करायचा, ही शाळेची रीत. साहेब आत आले आणि चौघांतलं एकही उठलं नाही.

"उभे राहा रे," आदिनाथ सर दबक्या आवाजात म्हणाले.

"बसू द्या," साहेब म्हणाले आणि मागे उभे राहिले. "अर्धा तास आहे माझ्याकडे."

चौथ्या विहिरीला माझा पंखा घरघरू लागला. सहाव्या विहिरीला मी गोठलो. बाण हलेना. योहानने हात पुढे केला.

"दाबू नको," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दम घेऊ दे त्याला."

मी कसाबसा सावरलो. नऊ विहिरी झाल्या तेव्हा पाचच मिनिटं उरली होती. तिने तेवढ्यांचाच आलेख काढला. एक रेघ मध्येच उसळली होती.

"असं का?" समर्थने विचारलं. तो चौथा. "पानी एकदम वर कसं आलं?"

योहानने वहीत बोट फिरवलं. "एकतीस हाय. तू तेरा टाकलं."

तिने आकडा सुधारला. रेघ खाली बसली.

"हे आधीच का करून ठेवलं नाही?" साहेबांनी विचारलं.

मॅडम काही बोलणार, तोच दारातून आवाज आला. "केलं हुतं साहेब. माझ्या हातनं गेलं." भाऊसाहेबांच्या हातात अजून फडकं होतं.

साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या आणि ते गेले. आदिनाथ सरांनी त्या उभ्यानेच वाचल्या, मग मोठ्याने वाचल्या. "सात विहिरी बाकी. पुढच्या भेटीत पाहीन." त्यांनी किल्ली ग्रेस मॅडमच्या हातावर ठेवली. "उरलेल्या आजच घ्या. आणि एक पेनड्राइव्ह आणा."

मित्रांनो, मागायचं धाडस होत नाही, तरी मागतो. यंत्राला झाकून जपू नका, वापरून जपा. त्याने काही विचारलं, तर वाचून उत्तर द्या. काल शनिवारी मुलं पुन्हा दोर घेऊन गेली होती. पंधराव्या आठवड्याचे आकडे उद्या येतील. मी चालू होईन, असं मला वाटतं. पण खात्री देत नाही. वही टाकून देऊ नका.