बैल पाटलाचा, टाका धुळाजीचा

मी एक जुनी, उसवलेली मोट आहे. मित्रांनो, तुम्ही या गोठ्यात लपाछपी खेळता आणि खुशाल माझ्यावर बसता, म्हणून आज सांगूनच टाकते. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची भलीमोठी पिशवी. बैल नाडा, म्हणजे मला बांधलेला जाड दोर, ओढायचे, मी भरून वर यायचे आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात पाणी ओतायचे. तिथून सगळे घागरी भरायचे. गोड बोलणं मला जमत नाही बरं का! ज्यांचं इमानानं केलं त्यांनीच केसानं गळा कापला, मग गोड कुठून बोलू?

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आपलं हे गेवराईकडचं लहानसं गाव. तेव्हा मी अर्जुनराव पाटलाच्या ढवळ्या बैलाची कातडी होते. त्या साली मिरग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही कोरडी गेली. वैरण संपली आणि ढवळ्या दावणीला बसला तो उठलाच नाही. पाटील त्याच्या गळ्यात पडून रडला. खोटं कशाला बोलू, खरंच रडला.

गावचा आड आटला होता. कचेरीत खेटे घालून काही हाती लागलं नाही. मग पाटलानं खंडोबाच्या देवळापुढं गाव गोळा केलं.

"सरकारची वाट बघत बसलो तर मरून जाऊ. आपली हीर आपणच खणू. मोटेला माझ्या ढवळ्याचं कातडं देतो. पण घरी कुणी बसायचं न्हाई."

गावकुसाबाहेरची माणसं लांब उभी होती. त्यांच्यात कातडी कमावणारा धुळाजी होता आणि त्याची बायको छबुबाई. ती तिथूनच बोलली, "खणू की, मालक. पण पाणी लागल्यावर आमी कुठं? कुणी वरून ओतंल म्हणून उन्हात ताटकळत ऱ्हायचं का?"

पाटलानं देवापुढचा बेलभंडार उचलला. "खंडोबाची आण. थारोळ्यावर सगळ्यांची घागर लागंल."

बेलभंडार उचलला की आमच्याकडं पुढं बोलणंच संपतं. छबुबाईनं पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी पाटी उचलली.

काय राबलं गाव! गावकुसाआतला, पुढं मोट हाकणारा रामकिसन दोन्ही हातांनी पहार धरायचा आणि धुळाजी तिच्यावर घण घालायचा. हात चुकला तर रामकिसनचं मनगट जायचं, पण त्यानं कधी डोळे मिटले नाहीत. दुपारी दोघं एका दगडावर बसून भाकरी खायचे. दगड वाहून वाहून छबुबाईच्या डोक्यावरचे केस गेले. घरी गेल्यावर धुळाजी मला बाभळीच्या सालीत मुरवायचा, करंजाचं तेल चोळायचा. शिवताना चामड्याची वादी तोंडात धरून थुंकीनं ओली करायचा आणि दातांनी ओढून टाका आवळायचा. "हिच्यातून थेंब गळला तर माझं नाव बदला," म्हणायचा.

पाणी लागलं. त्या उन्हाळ्यात पाटलीणबाईच्या घागरीशेजारी छबुबाईची घागर लागायची. रामकिसन गाणं म्हणत बैल हाकायचा. मला वाटायचं, गाव असावं तर असं! लई गुर्मी होती मला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. आड भरला, कणसं भरली, आणि भीती गेली तशी आणही गेली. पाटलाच्या घरी सोयरिकीला पाव्हणे आले. त्यांनी थारोळ्यावर छबुबाईची घागर बघून नाकं मुरडली. झालं! दुसऱ्या सकाळी थारोळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

छबुबाई घागर घेऊन आली तेव्हा मी भरून वर आले होते.

"लांब ऱ्हा, छबू. विटाळ व्हतो," पाटील म्हणाला.

"कावून? बेलभंडार उचललता न्हवं?"

"तो दुष्काळापुरता."

"मालक, त्या मोटेचा टाका न् टाका माझ्या धन्यानं थुंकीनं भिजवून शिवलाय. तिचं पाणी समदं गाव पेतंय. त्याचा विटाळ न्हाई झाला?"

"कातड्याला विटाळ न्हाई. माणसाला हाय."

तिनं रामकिसनकडं बघितलं. मीही बघितलं. वाटलं, हा तरी बोलेल. त्यानं मान फिरवली आणि बैलांना हाकारलं. पाटलापेक्षा मला तेच जास्त लागलं. छबुबाई रिकामी घागर घेऊन परत गेली, नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर.

मोटेला वरचेवर तेल लागतं. ते धुळाजीच लावायचा, पण त्यालाच काट्याबाहेर ठेवलं. मी वाळले, चिरले, आणि ऐन लग्नसराईत एका शिवणीवर फाटले. मांडव उभा, आड उन्हाळ्यानं तळाला गेलेला आणि पाणी नाही! मग आली धुळाजीची आठवण.

तो आरी, म्हणजे चामडं टोचायचं हत्यार, घेऊन आला. मला मांडीवर घेऊन हात फिरवला.

"शिवतो, मालक. आधी छबूची घागर थारोळ्यावर लागू द्या."

"ते जमायचं न्हाई."

धुळाजीनं आरीनं पहिला टाका उसवला, मग दुसरा.

"अरे, काय करतूस बे!" पाटील ओरडला.

"बैल तुमचा व्हता, कातडं ठिवा. टाका माझा व्हता, तो मी नेतो."

सगळ्या वाद्या गोळा करून त्यानं कमरेला बांधल्या. त्याच आठवड्यात नवरा-बायको बिऱ्हाड घेऊन चकलांब्याकडं निघून गेली. रामकिसन काट्याजवळ उभा राहून बघत होता. आता बघून काय उपयोग?

धुळाजीवर माझा राग नाही. दुखलं मात्र खूप. ढवळ्या होतो तेव्हा पाटलाचं शेत ओढलं, मोट झाले तेव्हा गावाला पाणी पाजलं, आणि आता गोठ्याच्या कोपऱ्यात नुसतं कातडं होऊन पडले आहे.

मित्रांनो, मला तेल लावू नका, आता त्याचा उपयोग नाही. पण तुम्हीही मोठे झाल्यावर काही ना काही मिळून कराल. खणताना ज्यांना हाक माराल, त्यांना पाणी लागल्यावरही हाक मारा. एवढंच सांभाळा.

पाटलानं बाजारातून नवी मोट आणली. तीही कुणीतरी दातांनीच शिवली असणार. कुणी शिवली, हे गावात कुणी विचारलं नाही. पाणी मात्र सगळे पीत राहिले.