मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तर लोकांना गाडी शिकवायचे आणि स्वतः गाडीला घाबरायचे. हसू नका. ज्यांना डावीकडे वळा म्हटलं की आधी घड्याळ कुठल्या हातात आहे ते बघावं लागतं, अशांच्या शेजारी दिवसभर बसून दाखवा, मग हसा.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो ब्रेक म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. समोर मांजर आलं, दाब ब्रेक. मांजर येईलसं वाटलं, दाब ब्रेक. एकदा तर जाहिरातीच्या फलकावरच्या बाईला बघून त्यांनी करकचून ब्रेक मारला होता, कारण ती रस्ता ओलांडण्याच्या बेतात दिसत होती. शिकणाऱ्याने आपल्या ब्रेकवर नुसता पाय टेकवायचा अवकाश, मास्तरांनी आपला दाबलेला असायचा आणि गाडी गपकन उभी.

"वा! छान थांबवलीत," मास्तर घाम पुसत म्हणायचे. खरं सांगायला त्यांची जीभ रेटायची नाही. परिणाम काय? त्यांचे विद्यार्थी परीक्षेत धडाधड नापास व्हायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. म्हणायचे, मास्तर, परीक्षेच्या गाडीचे ब्रेक भिकार होते हो, तुमच्यासारखे नाहीत.

असं सगळं सुखाने चाललं असताना सासूबाईंनी जाहीर केलं, की त्यांना गाडी शिकायची आहे.

"आयुष्यभर मागच्या सीटवर बसले, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आधी वडिलांच्या, मग ह्यांच्या, आता तुमच्या. आता पुढे बसणार."

नाही म्हणणार कसं? बायको शेजारी उभी राहून डोळे वटारत होती. सासूबाई शिकायला लागल्या आणि मास्तरांची झोप उडाली. बाई गाडी हाकताना गप्पा मारायच्या, तेही समोरच्याच्या तोंडाकडे बघून. मास्तर म्हणायचे, "आई, रस्ता!" तर त्या म्हणायच्या, "आहे की तिथेच, पळतोय का?" महिनाभरात मास्तरांच्या छातीत सदानकदा धडधडायला लागलं. जेवताना वाटीला हात लावला की टेबलाखाली उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

"डॉक्टरकडे जा," बायको म्हणाली. एकदा नाही, रोज म्हणाली.

"आणि लोकांना कळलं म्हणजे? घाबरट मास्तराकडे कोण येईल शिकायला?"

हे डोकं बघा! घाबरतो हे अख्ख्या गावाला ठाऊक, फक्त डॉक्टरला कळू द्यायचं नाही. पण मास्तरांना एक सोपी वाट दिसत होती. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, चारदा नापास झालेला. बाजारामागच्या मोकळ्या जागेत तो गाडीची डिकी उघडून बसायचा. मोबाइलची कव्हरं, अत्तरं, पट्टे, काय वाट्टेल ते. काही मागा, तो म्हणायचा, "मिळेल की! सगळं मिळेल." म्हणून त्याचं नावच सगळंमिळेल पडलं होतं.

"मन शांत करायची गोळी?" मास्तरांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

"मिळेल की! डॉक्टर देतात तीच. चिठ्ठीची कटकट नाही."

पाकीट बघून शहाण्या माणसाने तिथेच पाठ फिरवली असती. चांदीचा कागद वाकडा चिकटवलेला, काही गोळ्यांवरची रेघ मधोमध तर काहींवरची कडेला गेलेली. पण मास्तरांना धडधडीतून सुटका हवी होती, रेघा कोण बघतो?

पहिल्या पाकिटातल्या एका गोळीने काडीचाही फरक पडला नाही. मग ते दोन-दोन घ्यायला लागले. दोनने जरा बरं वाटलं, किंवा बरं वाटतंय असं त्यांनी मनाला पटवलं. पाकीट संपलं, दुसरं आणलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची शिकवणी म्हणून सवयीप्रमाणे चहाबरोबर दोन गोळ्या पोटात टाकून मास्तर गाडीत बसले.

त्या दिवशी काय शांत होते म्हणून सांगू! सासूबाईंनी कचऱ्याच्या डब्याला आरसा घासला, मास्तर हसले. एका सायकलवाल्याने शिव्या घातल्या, मास्तरांनी त्याला हात केला.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," सासूबाई म्हणाल्या.

"छान चालवताय, आई," असं काहीसं मास्तर पुटपुटले आणि त्यांची मान खिडकीकडे कलली.

पुढे मोठा चौक आला, मधोमध गोल बाग असलेला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ब्रेकवर अलगद पाय टेकवला. गाडी थांबेना. त्यांनी पुन्हा टेकवला. गाडी आपली दुसऱ्या गिअरमध्ये संथपणे चाललेलीच.

"जावईबापू, ब्रेक गेले!"

जावईबापू घोरत होते.

आता थांबता येत नाही तर माणूस करतो काय? वळतो. सासूबाईंनी बागेला एक फेरा घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला फुटपाथवरचे लोक हात करायला लागले. एक बसवाला आधी हॉर्न वाजवून थकला, मग इंजिन बंद करून डबा खायला बसला. प्रत्येक फेऱ्याला सासूबाई खिडकीतून ओरडायच्या, "माफ करा हं! ब्रेक गेलेत!" शेवटी चौकातला पोलीस शिट्टी फुंकत गाडीबरोबर धावायला लागला. पोलीस अंगाने भरलेला, धावण्याची सवय सुटलेली.

"बाई, ब्रेक दाबा!"

"दाबलाय!"

"जोरात दाबा!"

"नुसता टेकवायचा असतो! आमचे जावई शिकवतात!"

"मग विचारा जावयांना!"

"झोपलेत ते!"

पोलिसाने धावता धावता आत वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "बाई," तो धापा टाकत ओरडला, "हे झोपलेले दिसत नाहीत मला!"

सासूबाईंनी पहिल्यांदा नीट बघितलं. मास्तरांचं घोरणं थांबलं होतं. ओठ निळसर पडले होते. तेव्हा त्या बाईने दोन्ही पाय उचलून सगळ्या जोरानिशी ब्रेकवर आदळले. गाडी हिसका देऊन जागच्या जागी बंद पडली. मास्तरांची मान पुढे लोंबली ती वर आलीच नाही.

"अरे ए! ऊठ!" सासूबाई किंचाळल्या. जावयाला त्यांनी कधी अरे केलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या गालावर फडाफड मारलं, हनुवटी धरून मान वर उचलली, तेव्हा कुठे एक श्वास आला. मग किती वेळ काहीच नाही. मग एक. "घे बाबा, अजून एक घे," असं म्हणत त्या रुग्णवाहिका येईपर्यंत हनुवटी तशीच धरून बसल्या.

मास्तर वाचले. काठावर वाचले. ते शुद्धीवर आल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी, त्यांच्या खिशातलं पाकीट हातात धरून, त्यांना असं काही फैलावर घेतलं, की धडधड परत सुरू झाली.

"पाकिटावर नाव आहे ते औषध यात कणभरही नाही. पहिल्या पाकिटात बहुतेक नुसता खडू असेल. दुसऱ्यात भलतीच जालीम गुंगी. आणि खरं औषध असतं तरी ते मनाने दोन-दोन घेऊन गाडीत बसायचं? अहो, तुम्हाला घाबरायला होतं ना? मग माझ्याकडे यायचं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

मास्तरांकडून पत्ता घेऊन पोलिसाने सगळंमिळेलला धरला, तेव्हा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, मीसुद्धा पोत्याने विकत आणतो. आत काय असतं मला काय माहीत!" आणि हे त्याच्या तोंडून निघालेलं बहुधा पहिलं खरं वाक्य होतं. त्याच्या डिकीत उरलेली सगळी पाकिटं पोलिसाने तिथल्या तिथे जप्त केली.

सासूबाईंना मास्तरांनी पलंगावर पडल्या पडल्या सगळं सांगितलं, गोळ्यांचं आणि ब्रेकचंही. "आई, तुम्ही आजपर्यंत एकदाही गाडी थांबवली नव्हती. मीच थांबवत होतो. तुम्हाला काही झालं असतं तर..." मास्तर मुसमुसायला लागले. सासूबाईंनी त्यांचं नाक आपल्या पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "बरे व्हा आधी. मग बघते तुमच्याकडे."

डॉक्टरीणबाईंकडे मास्तर आता वेळच्या वेळी जातात. भीतीबद्दल बोलतात, श्वासाचे व्यायाम करतात. बरं वाटतं, पण भीती काही पुरती गेली नाही. गाडीत बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी सासूबाई आधीच स्टिअरिंगवर जाऊन बसल्या होत्या.

"पाय वर घ्या," त्या म्हणाल्या.

"अहो आई, पण..."

"वर!"

मास्तर सीटवर मांडी घालून बसले. हातांना घाम, छातीत धडधड. सिग्नल लाल झाला. मास्तरांनी डोळे मिटले, तोंडाने 'आई आई' असं पुटपुटायला लागले. सासूबाईंनी ब्रेक दाबला, टेकवला नाही, दाबला, आणि गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबली.

"घाबरलात?"

"फार."

"मग ठीक आहे."

सिग्नल हिरवा झाला. सासूबाई निघायच्या आधी शेजारी वळून बघत बसल्या. मागून हॉर्न वाजायला लागले.

"आई, आरसा बघा, आरसा!"

"आरशाचं काय घेऊन बसलात," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा श्वास चाललाय का ते बघतेय."